घर घेण्याआधी वस्ती पाहा

उरण तालुक्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर हल्ली घरांच्या भावाचा विषय निघतोच. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून येऊन चिर्ले गावाजवळ उतरणाऱ्या सागरी सेतूचे उद्घाटन झाले. २०१८ पासून खारकोपरला येऊन थांबलेल्या रेल्वेलाही त्याच दिवशी उरणपर्यंत वाट मिळाली. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. बंदरात, कंटेनरच्या गोदामांत, ओएनजीसीच्या ठेकेदाराकडे, नगरपालिकेत राबणाऱ्या आपल्या कुटुंबांतही आता एकच बोलणे ऐकू येते. ‘भाड्याने आणखी किती दिवस काढायचे? दोन खोल्यांचे का होईना, आपले असावे.’

ही इच्छा रास्त आहे. ज्यांच्या आजोबांना गावकुसाच्या आत पाय ठेवता येत नव्हता, त्यांच्या नातवंडांनी स्वतःच्या नावाचे दार असलेले घर घ्यावे, यात आम्हाला आनंदच आहे. पण घर घेणारी माणसे आमच्याशी बोलतात तेव्हा विचारतात काय? भाव काय चालला आहे, कर्ज किती मिळेल, स्वयंपाकघरात ओटा कोणता देणार. वस्ती कशी आहे, असे विचारणारा दहांत एखादा. ओटा पुढे बदलता येतो, रंग बदलता येतो, गळणारे छतही दुरुस्त होते. वस्ती मात्र एकदा घेतली की आपल्याला बदलता येत नाही. म्हणून या वेळी आम्ही घराविषयी न लिहिता वस्तीविषयी लिहीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. घराची किंमत करारनाम्यावर लिहिलेली असते तेवढीच नसते. बँकेप्रमाणे वस्तीही दर महिन्याला आपला हप्ता घेते. तो रिक्षाचा असतो, टँकरचा असतो, औषधपाण्याचा असतो. त्यातला मोठा भाग घरातल्या अशा माणसांच्या अंगावर बसतो, जी दिवसभर त्या वस्तीत असतात: घरची बाई, म्हातारी माणसे आणि मुले. एजंट मात्र घर दाखवतो ते रविवारी सकाळी आणि तेही कमावत्या पुरुषाला!

घरातल्या माणसांचा दिवस मांडा

घर पाहायला निघण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर घरातल्या प्रत्येक माणसाचा दिवस लिहून काढावा. समजा, नवरा कंटेनरच्या गोदामात पाळीवर आहे. बायको अंगणवाडी सेविका आहे. मुलगी फुंड्याच्या वीर वाजेकर महाविद्यालयात शिकते, मुलगा सातवीत आहे आणि आजीचे गुडघे दुखतात. आता प्रत्येकापुढे लिहा: सकाळी किती वाजता घराबाहेर पडणार, कशाने जाणार, किती पैसे लागणार, अंधार पडल्यावर परत कसे येणार. आजीपुढे लिहा: दवाखाना किती पावलांवर आहे आणि दुपारी दोन शब्द बोलायला कोण आहे.

यानंतर हिशेब करावा. वीस वर्षांच्या मुदतीने, ९ टक्के व्याजाने घेतलेल्या प्रत्येक १ लाख रुपयांच्या कर्जाला महिन्याला सुमारे ९०० रुपये हप्ता पडतो. २० लाखांचे कर्ज असेल तर १८ हजार रुपये. हा ९०० चा आकडा लक्षात ठेवला की वस्तीचीही किंमत काढता येते. एक घर २ लाखांनी स्वस्त आहे, पण तिथून रोजची रिक्षा आणि उन्हाळ्यातले विकतचे पाणी धरून महिन्याला सरासरी २७०० रुपये जादा जाणार असतील, तर ते घर २ लाखांनी स्वस्त नसून १ लाखाने महाग आहे. शिवाय कर्जाचा हप्ता वीस वर्षांनी संपतो, रिक्षाचे भाडे संपत नाही.

पायाखालची जमीन ओळखा

उरणची बरीचशी सपाट जमीन ही मुळात खाडीकाठची खारजमीन आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी बांध घालून, उघाड्या बसवून तिथे भात पिकवले, मिठागरांत मीठ ओढले. भरती चढू लागली की उघाडीचे दार पाण्याच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर जाते, एवढे साधे ते तंत्र. सिडकोने द्रोणागिरीचा नोड वसवताना मातीचा भराव केला आणि पावसाचे पाणी भरतीच्या काळात साठवून ठेवण्यासाठी धारण तलाव ठेवले. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस पडला तर पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. ते या तलावांतच थांबले पाहिजे. तलाव गाळाने भरले, नाल्यांची तोंडे बुजली, तर पाणी रस्त्यावर आणि तिथून तळमजल्यावर येते. नवी इमारत उंच भरावावर असेल तर ती कोरडी राहते आणि शेजारच्या जुन्या गावात पाणी शिरते. २६ जुलै २००५ चा दिवस रायगडमधल्या माणसांना वेगळा सांगायला नको.

गावांची नावेसुद्धा बोलतात. रेल्वेच्या याच मार्गावर खारकोपर आणि शेमटीखार अशी दोन स्थानके आहेत. दोन्ही नावांत ‘खार’ आहे. नावात खार आहे म्हणून तिथे घर घेऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. पण अशा ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला, पाऊस पडत असताना एकदा जाऊन उभे राहावे. इमारतीच्या भिंतीवर पाण्याच्या जुन्या रेघा दिसतात का ते पाहावे. शेजारच्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आईला विचारावे, ‘आजी, पाणी कुठवर येतं?’ माहितीपत्रकात नसलेले उत्तर ती देईल. तळमजल्याचे घर थोडे स्वस्त मिळते, म्हणून आपली माणसे ते आधी घेतात. खारजमिनीवर तो स्वस्तपणा एका पावसाळ्यात फिटू शकतो.

पाणी मागायचे कोणाकडे?

पावसात पाणी नको इतके आणि मे महिन्यात हंडाभर नाही, ही कोकणाची जुनी कथा. उरण शहराला आणि आसपासच्या अनेक गावांना एमआयडीसीच्या रानसई धरणाचे पाणी येते. धरण जुने, त्यात गाळ साचलेला आणि वस्ती तर वाढत चाललेली. त्यामुळे उन्हाळा पुरता लागण्याआधीच आठवड्यातून एक-दोन दिवस पाणी बंद ठेवण्याची वेळ अनेक वर्षे आली आहे. द्रोणागिरी आणि उलवे या सिडकोच्या नोडना पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी मिळते. म्हणजे दोन इमारती डोळ्यांना जवळजवळ दिसत असल्या तरी त्यांचे पाणी वेगवेगळ्या धरणांतून आणि वेगवेगळ्या कचेऱ्यांच्या हुकमाने येऊ शकते.

म्हणून ‘चोवीस तास पाणी’ या शब्दांवर विसंबू नये. इमारतीत राहणाऱ्या बाईलाच विचारावे की नळ किती वाजता येतो, किती वेळ टिकतो, गेल्या मे महिन्यात टँकर आणला का आणि त्याची वर्गणी किती पडली. पाणी पहाटे चारला येत असेल तर पहाटे चारला कोणाला उठावे लागणार, हे घरात आधी बोलून घ्यावे. आम्हाला ठाऊक आहे की बहुतेक घरांत याचे उत्तर एकच असते. म्हणून त्या बाईचे मत घर ठरवताना पहिले घ्यावे.

येण्याजाण्याची वाट

रेल्वे आली ही मोठी सोय झाली. पण रेल्वेची गोष्ट एक धडाही देते. पहिला टप्पा नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आला आणि पुढचा टप्पा उरणला पोचायला जानेवारी २०२४ उजाडले. मधली पाच वर्षे ‘स्टेशन जवळच’ म्हणून घर घेतलेल्या माणसाने रिक्षा आणि एसटीवर काढली. रेवस-करंजा पुलाचेही बोलणे आम्ही कित्येक दशके ऐकत आलो आहोत. म्हणून आमचा नियम सोपा आहे. जी सोय आज पायाखाली आहे तिचेच पैसे द्यावेत. जी ‘येणार आहे’ ती आली तर आनंद मानावा, पण तिच्यासाठी जादा लाख मोजू नयेत.

सागरी सेतूचेही तसेच. त्यावरून मोटारसायकल आणि रिक्षा नेता येत नाही आणि मोटारीला पथकर द्यावा लागतो. ज्याच्याकडे दुचाकी आहे त्याला मुंबई वीस मिनिटांवर आली, हे एजंटचे बोलणे खरे नाही. मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच आपल्या माणसांची जुनी सोबतीण. पण मोऱ्याला गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच लागत नाही, तेव्हा फेऱ्या खोळंबतात. डॉकयार्डात किंवा मशीद बंदर भागात नोकरी असणाऱ्याने लाँचवर भरवसा ठेवून मोऱ्याजवळ घर घेतले, तर रेल्वेचीही वाट मोजून ठेवावी. रेल्वेच्या गाड्या नेरूळ आणि बेलापूरकडे जातात आणि दोन गाड्यांमध्ये मुंबईच्या मानाने बराच वेळ असतो. शेवटची गाडी कधीची आणि स्थानकापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का, हे दुसऱ्या पाळीच्या माणसाने आणि क्लासहून परतणाऱ्या मुलीने स्वतः चालून पाहावे.

आणि ट्रेलर! जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यापासून या तालुक्याचे रस्ते कंटेनरच्या ट्रेलरांचे झाले आहेत. करळ फाटा आणि दास्तान फाटा ही नावे आपल्या लोकांच्या तोंडी अपघातांच्या बातम्यांमुळेच जास्त येतात. गोदामांच्या वाटेवर, रस्त्याच्या कडेला ट्रेलर उभे असतात आणि त्यांच्या आडून मुलांना रस्ता ओलांडावा लागतो. मुलाच्या शाळेपर्यंतची वाट कामाच्या दिवशी, शाळेच्या वेळी चालून पाहा. वाटेत असा रस्ता ओलांडावा लागत असेल तर दुसरी वस्ती पाहावी. घर पन्नास हजारांनी महाग पडले तरी चालेल.

धोक्याच्या शेजारी

उरणला रोजगार देणारे कारखाने आणि तळ धोकाही बाळगून असतात. ३ सप्टेंबर २०१९ रोजी ओएनजीसीच्या उरण प्रकल्पात आग लागली आणि चार माणसे दगावली. त्यांत आग विझवायला धावलेले जवान होते. आसपासच्या गावांतल्या माणसांनी त्या सकाळी मुलाबाळांना घेऊन घरे सोडली. गॅसचे आणि तेलाचे साठे तालुक्यात आणखीही आहेत. इथे राहणाऱ्या सगळ्यांनाच दूर जाता येणार नाही, हे आम्हालाही कळते. पण घर निवडायची संधी हातात असताना प्रकल्पाच्या कुंपणापासून ते किती दूर आहे आणि रात्री पळायची वेळ आली तर बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, एवढे तरी पाहावे.

करंजाच्या बाजूला नौदलाचे शस्त्रागार आहे आणि त्याच्या भोवती सुरक्षा पट्टा आहे. केगाव, बोरी पाखाडी, म्हातवली अशा भागांतल्या लोकांचा या पट्ट्याविरुद्धचा झगडा जुना आहे. पट्ट्यातल्या जमिनीवर बांधकामाला परवानगी मिळण्याची अडचण असते आणि परवानगी नसलेल्या घरावर बँक कर्ज देत नाही. तिथे घर स्वस्त मिळत असेल तर ते का स्वस्त आहे, हे आधी समजून घ्यावे. किनाऱ्यालगतच्या जागेला किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू असतात, तेही तपासावे.

कागद तीन प्रकारचे

वस्ती म्हणजे कागदसुद्धा. उरणमध्ये सामान्य माणसाला दाखवली जाणारी घरे बहुधा तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार नोडमधल्या इमारतींचा. या इमारतींचा मोठा भाग साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभा आहे. ते भूखंड कसे मिळाले, हे आपण विसरू नये. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, तेव्हा १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान परिसरात शेतकरी उभे राहिले आणि गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून विकसित भूखंड परत मिळण्याचा हक्क आला. हा मोबदला जमिनीच्या हिशेबाने होता. ज्यांच्या नावे सातबाराच नव्हता अशा आपल्या अनेक कुटुंबांना म्हणून आज त्याच जमिनीवर बाजारभावाने घर विकत घ्यावे लागते. अशा भूखंडावर घर घेताना सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का आणि शेतकरी, बिल्डर व सिडको यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्यावे. जमीन भाडेपट्ट्याची असते, म्हणून पुढे घर विकताना सिडकोची परवानगी आणि शुल्क लागते. बांधकाम चालू असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. १ मे २०१७ पासून लागू असलेल्या या कायद्याप्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. इमारत पूर्ण झाली असेल तर भोगवटा प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहावे.

दुसरा प्रकार गावठाणाच्या कडेला उठलेल्या तीन-चार मजली इमारतींचा. खोली निम्म्या भावात मिळते आणि करार पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरीपुढे होतो. आपली कष्टाची माणसे सर्वांत जास्त फसतात ती इथे. नोटरीच्या शिक्क्याने स्थावर मालमत्तेची मालकी मिळत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा लागतो. ‘सरकार सगळी घरे नियमित करणार आहे’ असे एजंट सांगतो. गरजेपोटी बांधलेल्या घरांविषयी २०२२ पासून शासनाचे निर्णय झाले आहेत, पण ते मूळ प्रकल्पग्रस्तांच्या घरांसाठी आहेत. विकण्यासाठी बांधलेल्या इमारतीतली आपली खोली त्यात आपोआप बसेल, असे समजू नये. बँक ज्या घराला कर्ज देत नाही, त्या घराला आपण भविष्य निर्वाह निधी का द्यावा?

तिसरा प्रकार गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या प्लॉटचा. चिरनेर, खोपटे या पूर्वेकडच्या पट्ट्यात ‘तिसरी मुंबई’ म्हणून तो विकला जातो. मार्च २०२४ मध्ये शासनाने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमले. म्हणजे त्या जमिनीवर उद्या काय होणार ते आराखड्यावर ठरेल. आपल्या गुंठ्यावरून रस्ता जातो की बाग, हे आपल्या हातात राहत नाही. शेतजमिनीच्या सामाईक सातबाऱ्यावर नाव चढवून देतो, असे कोणी म्हणाले तर पैसे देण्याआधी तलाठी आणि वकील दोघांनाही विचारावे.

या तिन्हींच्या बाहेर एक चौथी वाट आहे, सोडतीची. सिडकोने २०१८ मध्ये काढलेल्या १४,८३८ घरांच्या सोडतीत द्रोणागिरीचाही समावेश होता. त्यातले सर्वांत लहान घर २५.८१ चौरस मीटरचे. सिडको आणि म्हाडाच्या सोडतींत अनुसूचित जातींसाठी घरे राखीव असतात. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले, हे आपण जाणतोच. पण जाहिरात येते तेव्हा आपल्या घरात जातीचा दाखला, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला शोधण्यात मुदत निघून जाते. हे दाखले आजच काढून एका पिशवीत ठेवावेत.

शेजार कसा असावा?

आता त्या प्रश्नाकडे येतो, जो माणसे शेवटी आणि आवाज खाली आणून विचारतात. घर आपल्या लोकांत घ्यावे की बाहेर?

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर लोक दारात उभे राहिले. मित्रांच्या घरांची दारेही उघडली नाहीत आणि बागेत बसून वेळ काढून रात्रीच्या गाडीने त्यांना मुंबईला परतावे लागले. त्याच बाबासाहेबांनी पुढे १९३० च्या दशकात, परळच्या चाळीत वर्षे काढल्यावर, दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. ग्रंथांना आणि अभ्यासाला जागा हवी, हा त्यामागचा विचार होता. नाव लपवून राहावे लागलेल्या जागेपासून स्वतःच्या नावाच्या घरापर्यंतचा हा प्रवास आपल्यापुढे आहे.

म्हणून आमचे उत्तर असे. भीतीपोटी केवळ आपल्यांत कोंडून घेऊ नये आणि आपलेपण लपवण्यासाठी दूर पळूही नये. जिथे दारावर नावाची पाटी लावता येते, घरात बाबासाहेबांची आणि भगवान बुद्धांची तसबीर समोरच्या भिंतीवर लावता येते, तिथे घर घ्यावे, मग शेजारी कोणत्याही समाजाचा असो. इमारतीत जाऊन अध्यक्षांना सरळ सांगावे की आम्ही बौद्ध आहोत, १४ एप्रिलला आमच्या घरी पाहुणे येतात. समोरच्याचा चेहरा आणि उत्तर दोन्ही पाहावे. पैसे देण्याआधी ते कळणे बरे. गृहनिर्माण संस्थेला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, हे १९६० च्या सहकार कायद्याचे तत्त्व आहे. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि नकार आला तर निबंधकाकडे अपील करावे. जातीवरून त्रास किंवा बहिष्कार झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच.

पण कायदा हाताशी असला तरी आजीला दुपारी बोलायला माणूस लागतो. विहार, महिला मंडळ, अभ्यासिका किंवा निदान दोन ओळखीची घरे चालत जाण्याच्या अंतरावर असावीत. घरात दुखणे आले तर रात्री दवाखान्यात सोबत कोण येईल, याचे एक तरी नाव सांगता आले पाहिजे. मोठ्या आजारात पनवेल किंवा नवी मुंबईकडे धावावे लागते, म्हणून हे महत्त्वाचे. आणखी एक गोष्ट लिहिताना जड जाते, पण लिहितो. स्मशानभूमी कुठे आहे आणि ती सर्वांसाठी खुली आहे का, हेही विचारून घ्यावे. दुःखाच्या दिवशी वाद घालण्याची ताकद कोणात नसते.

नाव कोणाचे आणि जुने घर?

करारनाम्यावर घरच्या बाईचे नाव जरूर लावावे. महाराष्ट्रात २०२१ पासून घर बाईच्या नावाने घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे. ३० लाखांच्या घराला ३० हजार रुपये वाचतात आणि दारूपायी किंवा सावकारापायी घर परस्पर विकले जाण्याचा धोका टळतो. सवलतीच्या अटी नोंदणी कार्यालयात विचारून घ्याव्यात.

नवे घर घेण्यासाठी बौद्धवाड्यातले जुने घर घाईने विकू नये. त्यात भावांचा, बहिणींचा वाटा असतो आणि एका घरापायी नाती तुटतात. घरपट्टीवर अजून आजोबांचेच नाव असेल तर वारसांची नोंद करून घ्यावी. गावठाणातल्या घरांच्या मोजणीची आणि मालमत्ता पत्रकाची स्वामित्व योजना २०२० पासून सुरू आहे. आपल्या गावाची मोजणी झाली का, ते ग्रामपंचायतीत विचारावे. ज्यांच्याकडे स्वतःची जागा आहे त्यांनी शहरातल्या फ्लॅटआधी रमाई आवास योजनेचाही विचार करावा.

चार फेऱ्या आणि एक पावसाळा

शेवटी एवढेच सांगतो. जी वस्ती मनात भरली, तिथे चार फेऱ्या माराव्यात. एक कामाच्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळी, एक दुपारी पाण्याची आणि विजेची चौकशी करायला, एक रात्री दहानंतर आणि एक भर पावसात उधाणाच्या भरतीला. चारही वेळा घरच्या बाईला सोबत न्यावे आणि एकदा तरी म्हाताऱ्या आईवडिलांना. मुलीला वेगळे विचारावे, ‘इथे संध्याकाळी एकटी येशील का?’ ती ‘नाही’ म्हणाली तर तिची समजूत घालू नये, वस्ती बदलावी.

जमत असेल तर त्याच वस्तीत पावसाळा धरून अकरा महिने भाड्याने राहावे. भाड्याचे पैसे फुकट गेले असे कोणी म्हणेल. पण वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेण्यापूर्वी जून ते सप्टेंबर त्या जमिनीवर आणि मे महिना त्या नळावर काढणे, ही सर्वांत स्वस्त चौकशी आहे. बिल्डर म्हणेल, भाव वाढतील. वाढू द्यावेत. घाईने घेतलेल्या घरात राहणारी माणसे आम्ही पाहतो, ती भाव वाढल्याच्या आनंदात राहत नाहीत, पाण्याच्या हंड्यामागे धावत राहतात.

हे कात्रण कापून ठेवावे आणि घर पाहायला जाताना घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावे. वस्तीचा निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यावा, कारण राहायचे सगळ्यांना आहे.

जयभीम!